टेटाचा टोकांचा झगा

आमच्या तंबू नाटक कंपनीत नायिका बदलल्या, विनोदी नट बदलले, एकदा तर वादळात तंबूच बदलावा लागला. बदलली नाही ती टेटा. नाव अल्वीना, पण तिच्या बोहेमियन, म्हणजे चेक, माणसांत मावशीला टेटा म्हणतात, म्हणून ती आम्हा सगळ्यांचीच टेटा. उन्हाळाभर आम्ही अमेरिकेतल्या नेब्रास्काची गावं पालथी घालायचो आणि ती रंगमंचामागे कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसलेली असायची. ओठांत टाचण्या, आणि टाचण्यांच्या फटीतून मला, डेलला, बोलणी.

"डेल, सरळ उभी राहा गं! वाऱ्यावरच्या मक्यासारखी डुलतेस काय?"

त्या काळी झगे गुडघ्यापर्यंत चढले होते. आखूड झग्याची कड जमिनीपासून चहूकडे सारखी हवी. पट्टी धरायची, खडूने खूण करायची. सगळा नजरेचा खेळ. आणि टेटाची नजर अधू होत चालली होती. आम्हा पोरींना ते ठाऊक होतं. मालकांना नव्हतं.

एका दुपारच्या खेळाला बिंग फुटलं. मी ऐटीत प्रवेश केला आणि पहिल्या रांगेतल्या एका शेतकरीणबाईने खणखणीत आवाजात विचारलं, "अगं पोरी, तुझा एक पाय बिळात गेलाय का?" झगा डावीकडे वीतभर खाली! काय हशा पिकला म्हणून सांगू! माझ्या सगळ्या कारकिर्दीत तसा पुन्हा पिकला नाही.

मालक वॉर्नकी पडद्यामागे आले. "टेटा, पुन्हा असं झालं तर तयार कपडे कॅटलॉगातून मागवीन. मग तू आपली भावाच्या शेतावर जा."

भावाकडे, म्हणजे भावजयीच्या हाताखाली. टेटाने टाचण्या चाचपून उचलल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या.

दोन गावं पुढे गेलो तेव्हा आमची विनोदी नटी बर्नाडीन एक मासिक घेऊन धावत आली. फॅशनची तेव्हा मोठी पंचाईत झाली होती. गुडघा सोडवेना आणि घोट्यापर्यंत उतरायचं धाडस होईना. मधला मार्ग म्हणून घेराला रुमालासारखी टोकं फुटली होती.

"टेटा, अगं, घेर कुठे वर, कुठे खाली! आणि तेही मुद्दाम! पॅरिसमध्ये म्हणे असंच घालतात."

"म्हणजे तिथल्या शिंपिणीचेही डोळे गेले वाटतं," टेटा म्हणाली.

डोळ्यांचं नाव तिने स्वतःहून काढलं ते तेव्हा पहिल्यांदा. आम्ही हसायला घाबरलो. मग तीच हसली.

तिने तलम कापडाचे मोठे चौकोन कापले आणि कमरेपासून तिरपे सोडले. कोपरे आपोआप खाली लोंबले. पट्टी नको, खडू नको! कड तर ती ओल्या बोटांनी, वाती वळाव्यात तशी वळायची. कापडाकडे न बघता, आम्हाला बोलणी ऐकवता ऐकवता.

त्या झग्यात मी गिरकी घेतली आणि टोकं अशी उडाली की पहिली रांग "आहा" म्हणाली. सकाळी गावातल्या बायका तंबूपाशी झगा बेतायचा नमुना मागायला हजर. मालक त्यांना सांगत होते, "कल्पना माझीच."

पण फॅशन कुणाला बांधील नसते. दोन उन्हाळ्यांत टोकं गेली, झगे घोट्यापर्यंत उतरले आणि कड पुन्हा सारखी झाली. मालकांनी कॅटलॉग उघडला.

"मालक, माझे घोटे म्हणजे दुधाच्या बरण्या," बर्नाडीन म्हणाली. "लांब झग्याखाली नेमके तेवढेच दिसतील."

मी म्हटलं, "आणि मी लांब झग्यात अडखळते. जिन्याच्या प्रवेशात पडले तर नायकाच्याच अंगावर पडेन."

नायकाचं काम मालक स्वतः करायचे. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि कॅटलॉग मिटला. "राहू देत टोकं. लोकांना सवय झालीय."

हंगाम संपला. तंबू उतरत होता. टेटाने मला पेटाऱ्यापाशी बोलावलं. "पाय पुढे कर." तिने माझा घोटा चाचपला. "हरिणीचा पाय आहे हा. म्हणे अडखळते! इतकं कच्चं खोटं बोलतेस, म्हणून तुला टाळ्या कमी पडतात."

तिने कापड उलगडून माझ्या कमरेला लावलं.

"पुढच्या वर्षी टोकं घोट्यापर्यंत नेते. फॅशनचंही मन राखायला हवं ना बिचारीचं." टाचण्या ओठांत गेल्या. "आता रडू नकोस, झगा हलतो."