चुकीच्या खटक्यावरचा हात

थोरल्या भावाच्या सत्काराला गेलो होतो. परतताना गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि थुंकलो. उगीच रंगवून सांगत नाही, खरंच थुंकलो. तोंड इतकं कडू झालं होतं.

दादा विमान चालवतो. सव्वीस वर्षं झाली. पायलट म्हटलं की लोकांना काळा चष्मा आणि ऐट आठवते. आमच्या दादाला टक्कल आहे, कंबरदुखी आहे आणि घरच्यांचा जीव खायची एक सवय आहे. बाहेर पडताना तो गॅसच्या बटणावर हात ठेवतो आणि मोठ्यानं विचारतो, "बंद?" समोरून उत्तर येईपर्यंत हात काढत नाही. वहिनी दाराबाहेर चपला अडकवता अडकवता ओरडते, "बंद, बंद! चला आता!" मी तर त्याला तोंडावर 'चौकीदार' म्हणतो.

विमानात त्यांची रीतच अशी आहे. इंजिन बिघडलं आणि बंद करायची वेळ आली, तर एकानं त्या इंजिनाच्या खटक्यावर हात ठेवून कुठलं इंजिन ते बोलून दाखवायचं. दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून 'हो' म्हणायचं. मगच खटका ओढायचा. माझं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. माझ्याकडे चुकीचा नट सैल झाला तर फार तर ऑइल सांडतं.

ज्या दिवसासाठी हा सत्कार होता, त्या दिवशी उड्डाणाला दोन मिनिटंही झाली नव्हती. मोठा धडाका झाला आणि विमान थडथडायला लागलं. चालवत होती को-पायलट, एकतीस वर्षांची मुलगी. खटके दादाकडे होते. सकाळीच त्यानं विमानाच्या नोंदवहीत वाचलं होतं की डाव्या इंजिनाची आठवड्यात दोनदा तक्रार आली आणि ते दुरुस्त केलं. धडाका ऐकला मात्र, त्याच्या डोक्यानं परस्पर निकाल लावून टाकला. डाव्या खटक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "डावं. बरोबर?"

नोंदवही तिनंही वाचली होती. पण तिनं समोरचे आकडे बघितले.

"नाही सर. उजवं."

दादानं हात काढला आणि पुन्हा बघितलं. उजवंच गेलं होतं. उरलेलं एकुलतं एक चांगलं इंजिन तो स्वतःच्या हातानं बंद करणार होता. मागे एकशे साठ माणसं आणि खाली घरंच घरं.

पुढचं मात्र त्यानं चोख केलं. उजवं इंजिन बंद केलं. लगेच गर्रकन मागे वळायचा मोह त्यालाही झाला, पण विमान एका इंजिनावर नीट उडत होतं. मग घाई कशाला, असं म्हणून त्यानं चौदा मिनिटं वरच काढली. अशा वेळी तपासायच्या गोष्टींची सगळी यादी वाचून घेतली, प्रवाशांना सांगितलं आणि सगळ्यात लांब धावपट्टीवर उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग कंपनीनं दादाचा उदोउदो सुरू केला. प्रसिद्धी खात्याचा एक गुळगुळीत माणूस दादाच्या घरी आला, तेव्हा मीही तिथंच होतो. सत्काराचं भाषण लिहूनच आणलं होतं त्यानं. 'धडाका होताच मी क्षणात ओळखलं,' अशी सुरुवात.

"मी नाही ओळखलं," दादा म्हणाला. "तिनं ओळखलं. चौकशीवाल्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"त्यांचा अहवाल यायला दीड वर्ष आहे हो साहेब. लोकांना एकच चेहरा लागतो. आणि प्रशिक्षण प्रमुखाची जागा पुढच्या महिन्यात भरतेय, ती तुमचीच समजा."

"आणि तिचं कॅप्टनपद? यंदा तिची बढती ठरली होती ना?"

"ते सध्या बाजूला ठेवलंय. त्या प्रसंगात तिचं काही खास दिसलं नाही, असं वरचे म्हणतात."

एका मुलीच्या बढतीवर पाणी फिरवत हा माणूस वहिनीच्या चहात बिस्किट बुडवत होता, आणि बिस्किट तुटू नये म्हणून केवढी काळजी घेत होता! मला त्या बोटांची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्या गॅरेजवर आला. "काय करू रे?"

मी गाडीखाली होतो. तिथूनच म्हणालो, "गप्प बस. शेवटी चूक झाली का? नाही ना? मग वाच भाषण आणि स्टेजवरून खाली उतर."

तो माझ्या पायांशी वाकला. "तूही तुझ्या वहिनीसारखाच," तो म्हणाला. "बाहेरूनच बंद बंद."

आणि गेला.

सत्काराला चारशे माणसं होती. साहेबलोक पहिल्या रांगेत, ती मुलगी सहाव्या, खांबाआड. दादानं भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला.

"मी चुकीच्या खटक्यावर हात ठेवला होता," तो म्हणाला. "ही नाही म्हणाली म्हणून तुम्ही आज हार-तुरे घेऊन आलात, नाहीतर वेगळ्या कामाला आला असता. सत्कार तिचा करा."

कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या. पहिली रांग हलली नाही हे बघून त्याचेही हात खाली गेले. पाच मिनिटांपूर्वी दादाशेजारी फोटोसाठी धक्काबुक्की करणारे आता सामोशांकडे वळले. "ताण आला असेल बिचाऱ्याला," एकजण तोंडात घास ठेवून म्हणाला. शी! त्यातले निम्मे स्वतः पायलट होते.

मी थुंकलो ते या सगळ्यांवर. पण खरं सांगू? गाडीखालून सल्ला देणारा मीही त्यांच्यातलाच होतो, आणि ती चव काही केल्या जाईना.

प्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली. मुलीचं प्रकरण मात्र त्यांना परत काढावं लागलं, कारण चारशे माणसांनी ऐकलं होतं. ती आता कॅप्टन आहे.

परवा दादाकडून सगळे एकत्र निघालो होतो. आतून हाक आली, "बंद?"

"बंद, बंद!" वहिनी जिन्यातून ओरडली.

माझा एक बूट घालून झाला होता. तो काढला, आत गेलो आणि वाकून गॅसची दोन्ही बटणं बघितली.

"बंद," मी म्हणालो.

दादानं हात काढला.