विलायती गाडीला ऑटोचा टप

"बाई, दिवाली के बाद जगह खाली करना पडेगा," मिलवाले शेठ म्हणाले. आणि त्याच दमात विचारलं, "विलायती गाडी का वॉटर पंप मिलेगा क्या?"

गोंदियात माझं जुन्या पार्टांचं दुकान आहे. चार पत्रे, एक वजनकाटा आणि मागे ढीग. जागा शेठची. तिथे त्यांना लॉन करायचं होतं, म्हणजे लग्नाचं मैदान. मी चौथी शिकलेली. या वयात मला दुसरं काम कोण देणार? दुकान गेलं की मी फुलचूरला सुनेसोबत घरात. सून चांगली आहे. पण दिवसभर नाही.

"गाडी पाहू द्या आधी," मी म्हटलं.

गाडी कसली, दोन सीटचा लाल टब. शेठना ती नागपूरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात स्वतः चालवत न्यायची होती. पार्ट इंग्लंडहून मागवले असते, तर मेळावा संपल्यावर पोचले असते.

"चालू करून दिली तर दुकान राहील काय?"

"पहले चालू तो करो. फिर देखेंगे."

आमच्या धंद्यात याला मॅचिंग म्हणतात. तुटलेला पार्ट हातात घ्यायचा आणि ढिगातल्या पार्टांशी जुळवून पाहायचा. कंपनीचं नाव पाहायचं नाही. भोकं जुळली, जाडी जुळली, झालं. हे इंजिन आपल्या जुन्या अम्बॅसॅडरच्या घराण्यातलं निघालं. तिचा पंप थोडा घासून बसवला. पंख्याचा पट्टा पीठगिरणीचा. दाराची कडी लोखंडी कपाटाची. बोल्टांचे आटे इंची होते, तसे आता बाजारात मिळत नाहीत. ते शेठच्याच मिलमधल्या भंगार हलरचे काढले. हलर म्हणजे धान भरडायचं मशीन. ब्रेकचं मात्र मी मॅचिंग करत नाही. त्याचे रबर नागपूरहून नवे आणवले. माणूस गेला तर तो कुठल्या ढिगातून काढू?

राहिला टप, म्हणजे वरचं कापड. ते काम मजीदभाईंना दिलं. गोंदियातले निम्मे ऑटो त्यांनीच झाकले आहेत. त्यांनी कापड छान ताणून बसवलं. मग मागची खिडकी कापताना हात सवयीनं गेला. खिडकी निघाली बदामाच्या आकाराची. भोवती पिवळी पट्टी.

"मजीदभाई, हे काय करून ठेवलं?"

"सब में ऐसाच लगता है, आपा."

"हे ऑटो आहे काय?"

"तीन पहिये का होता तो और अच्छा दिखता."

दुसरं कापड नव्हतं. शेठ गाडी चालवून पाहायला निघाले, मी बाजूला बसले. इंजिन गुणानं चालत होतं. शेठ खूश. बस स्टँडसमोर एका बाईनं पोतं खाली ठेवून हात वर केला. ती नमस्कार करून राहिली, असं शेठना वाटलं. त्यांनी गाडी थांबवली.

"भाऊ, फुलचूर नाका जाता काय?"

"ये ऑटो नहीं है!"

"मंग काऊन थांबवली? अन् पुढं एक सवारी तर बसवलीच आहे."

सवारी म्हणजे मी.

शेठनी गाडी तशीच घरी वळवली. उतरताना म्हणाले, "सब निकलवाता हूँ. बम्बई से मिस्त्री बुलाता हूँ."

मिस्त्री आला, गाडीचं पुस्तक घेऊन. पुस्तकात पीठगिरणी नव्हती. त्यानं नवा पट्टा आणला, तो आखूड पडला. पंप काढला, तो परत बसेना. बोल्ट कुठल्या गाडीचे, हे त्याला कोणी सांगू शकेना. शेवटी तो पुस्तक मिटून परत गेला.

शेठ दुकानात आले. मी सामान पोत्यात भरत होते.

"बाई, इसमें कौनसी गाडी का क्या लगा है?"

"असं तोंडानं नाही सांगता येत, शेठ. ढिगात हात घातला की समजते. अन् ढीग तर दिवाळीनंतर जाऊन राहिला."

शेठनी ढिगातला एक पट्टा उचलून पाहिला, परत टाकला. मग म्हणाले, "लॉन मिल के पीछे बना लेंगे."

मी पोतं परत ओतलं, पंप आणि पट्टा पुन्हा बसवून दिले. गाडी मेळाव्याला गेली, टप दुमडून. दुकान अजून तिथेच आहे.

ओरिजनल पार्ट कोणीही मिस्त्री बसवू शकतो. धंद्यात टिकायचं असेल तर असा पार्ट लावावा, की खोलायलासुद्धा आपल्यालाच बोलवावं लागेल.