पैलवान मातीत उतरेनात

माझं माहेर वाईचं. वडिलांचं घाटाच्या वाटेवर भांड्यांचं दुकान होतं, आणि आमच्या घरात कुस्ती हा शब्द निघायचा तो फक्त भावंडांची मारामारी सोडवताना. लग्न होऊन मी सांगलीकडच्या एका गावात आले. तेही कृष्णाकाठचंच, पण तिथली तऱ्हा निराळी. गावच्या जत्रेत पहिला दिवस देवाचा आणि दुसरा कुस्त्यांचा. देवाची पालखी उशिरा निघाली तर कुणी हूं की चूं करत नसे. कुस्त्यांना जरा उशीर होतोय म्हटलं की मात्र म्हाताऱ्या माणसांनाही दम धरवत नसे.

सासरे पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. मी त्यांना मामंजी म्हणे. पलटण सुटली तरी हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती, म्हणून गावानं त्यांना जत्रा कमिटीचं अध्यक्ष करून टाकलं होतं. हे साताऱ्याला एका कारखान्यात लेथवर होते. तिथं खोली घेऊन राहायचे, सुट्टीला गावी यायचे.

मी सांगते त्या वर्षी दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मळ्यांत पुन्हा ऊस उभा होता, लोकांच्या तोंडावर तजेला होता. कमिटीनं ठरवलं की यंदा मैदानाला कनात मारायची आणि तिकीट लावायचं. आलेल्या पैशातून शाळेची एक खोली बांधायची. तोवर जत्रेच्या कुस्त्या फुकटच असायच्या. साहजिकच पारावर कुरकुर झाली. "आता देवाच्या पाया पडायलाबी तिकीट लावा म्हनावं," असं कुणीतरी मामंजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालं.

पण शेवटची जोड जाहीर झाली आणि कुरकुर बंद. एक होता आटपाडीकडच्या धनगरांच्या घरातला, सांगलीच्या तालमीत तयार झालेला, ताडासारखा उंच गडी. दुसरा कोल्हापूरचा, बुटका, पण मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असा. दोघांची आधी एकदा कुस्ती झाली होती आणि ती बरोबरीत सोडवावी लागली होती. तेव्हापासून आमच्या भागात दोन तट पडले होते. आमच्याच घरात मामंजी कोल्हापूरच्या बाजूचे आणि हे सांगलीच्या. जेवताना दोघांची अशी जुंपायची की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी वाढायची थांबायच्या.

हे त्या वर्षी जत्रेच्या आधीच आठवडाभर घरी आले होते, कारण कारखान्यात संप सुरू झाला होता. पगारवाढ आणि बोनसचा वाद. "आमच्या घामावर ह्यांचे बंगले, आणि आम्हाला चार पैसे वाढवताना ह्यांचे हात थरथरतात," असं हे ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मामंजींना ते आवडत नसे. "पलटनीत अशी बगावत केली असती तर कोर्ट मार्शल झालं असतं," ते म्हणायचे. मग हे मळ्याकडं निघून जायचे.

कुस्त्यांच्या दिवशी सकाळी आम्ही सासवा-सुना चुलीपाशी होतो. पैलवानांचा मुक्काम शाळेत होता आणि त्यांचं दूध आमच्या घरचं. दुधाची घागर घेऊन गडी निघणार, तेवढ्यात पैलवानच आमच्या दारात आले. पुढं तो आटपाडीकडचा उंच गडी आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून कोल्हापूरचा. मागं आणखी दहाबारा. दुपारी एकमेकांना आपटायला निघालेली माणसं अशी एका घोंगडीवर मांडी घालून बसलेली पाहून मला हसू आलं. मी पदर सारखा करून पेले भरले.

उंच पैलवानानं दूध प्यायलं, मिशा पुसल्या आणि मामंजींना म्हणाला, "सुभेदारसाब, रागावू नका. आमी आज मातीत उतरनार न्हाई."

मामंजींनी पेला खाली ठेवला. "म्हंजे?"

"म्हंजे तुमी तिकीट लावलंय. इनाम मातूर मागच्या सालचंच. लोक पैसं देऊन कुनाला बघाय येत्यात? कनातीला बघाय येत न्हाईत. सगळ्यांचं इनाम वाढवा, मंग उतरतो."

"शाळंची खोली बांधायची हाय त्यातनं."

"बांधा की. आमची हाडं मोडून बांधू नका, येवढंच म्हननं हाय."

कोल्हापूरच्यानं मागच्या पोरांकडं हात केला. तो म्हणाला, "ही बारकी पोरं नारळावर आन् पाच रुपयावर लढत्यात, आवं. येस्टीचं भाडंबी सुटत न्हाई. बदाम सोडा, शेंगदाणंबी मिळंनात त्यांस्नी."

"आन् तुमचं काय? तुमाला हजार हाय की," मामंजी म्हणाले.

"मलाबी वाढवून पायजे," उंच पैलवान सरळ बोलला. "खोटं कशाला बोलू? दुष्काळात माज्या बानं मेंढरं इकून मला खुराक घातला. अजून किती वर्सं ह्यो गुडघा टिकंल सांगता येत न्हाई."

इतका वेळ हे दारात उभे राहून ऐकत होते. ते एकदम तडकले. "माजलात तुम्ही! लोक बैलगाड्या जुंपून येताहेत, आणि तुम्ही ऐन वेळी अडवून धरताय? देवाच्या जत्रेत?"

पैलवानांनी पेले खाली ठेवले. नमस्कार केला आणि सगळे शाळेकडं चालते झाले. हे स्वयंपाकघरात येऊन माठातलं पाणी घटाघटा प्यायले. मला म्हणाले, "पाहिलंस? खेळायचे पैसे, आणि तेही जास्त हवेत!"

मी म्हणाले, "अहो, मग कारखान्याच्या फाटकावर तुम्ही काय मागताय?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"आम्ही काम करतो," असं म्हणून हे बाहेर गेले. आत्याबाई चुलीत फुंकर घालत होत्या. त्यांच्या फुंकरीतून हसू फुटलं आणि राख उडाली.

दुपार झाली. मैदानाला लागून एका वाण्याचं घर होतं. त्याच्या माळवदावर आम्ही बायका जमलो. तिथून कनातीच्या आतलं सगळं दिसायचं. ऊन मी म्हणत होतं तरी माणसांवर माणसं बसली होती, फेट्यांचा नुसता मळा फुललेला. वाईची जत्राही मोठी असते, पण इतकी माणसं एका उघड्या तांबड्या मातीच्या चौकोनाकडं टक लावून बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. हलगी वाजत होती आणि मातीत कुणीच नव्हतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आधी कुजबुज, मग आरडाओरडा. "तिकिटाचं पैसं परत द्या!" "दूध-तूप खाऊन खाऊन चरबी चढलीया!" एक म्हातारा तर काठी टेकत मातीच्या मधोमध येऊन उभा राहिला. "मी कांदं इकून तिकीट काडलंय, गड्यांनू. माज्या डोळ्याला मोतीबिंदू हाय. फुडल्या साली दिसंल न दिसंल. आन् ही सायब लोकं रुसून बसल्यात!" त्यावर असा काही गलका झाला की हलगीवाल्यानं हात थांबवला. कमिटीतल्या एकानं त्याला वाजवायला सांगितलं, तर तो म्हणाला, "कुस्तीच न्हाई तर वाजवू कुनासाठी? आन् माजंबी बिदागीचं बोलायचं हाय." मामंजींचा चेहरा मला माळवदावरूनही दिसत होता. शत्रू चारी बाजूंनी आला की सुभेदाराचा होत असेल तसा.

आणि तेवढ्यात ह्यांनी ते केलं. गर्दीतून उठून मातीत गेले, सदरा काढून फेकला आणि ओरडले, "त्यांच्यावाचून काय अडलंय? आपलं गाव मेलंय काय? आपणच लढू! कोण येतंय?"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. मी बायकांतून वाट काढत माळवदाच्या कडेला गेले. हे लहानपणी गावच्या तालमीत जात होते म्हणे, पण माझ्या ओळखीचे हे म्हणजे रोज लेथपाशी उभे राहून संध्याकाळी कांदाभजी खाणारे. समोरून दूध संघात कॅन उचलणारा एक गावकरी उठला. कुणीतरी ह्यांना लंगोट दिला, आणि तो कसायला दोन माणसं लागली.

सलामी झाली. दोघांनी एकमेकांच्या माना धरल्या आणि धरूनच राहिले. बैल रवंथ करत उभे राहावेत तसे. लोक थोडा वेळ हसले. मग एकानं विचारलं, "आवं, कुस्ती हाय का भरतभेट?" दोघं एकदा गोल फिरले, एकदा दोघंही घसरले, आणि कुणी कुणाला पाडलं याचा पंचालाच पत्ता नाही. दम तर असा लागला होता की धापा आम्हाला वर ऐकू येत होत्या. शेवटी दूध संघवाल्यानं कॅन उचलावा तसं ह्यांना कमरेला धरून उचललं. आता कुठं ठेवायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून सोडून दिलं. हे पाठीवर पडले ते पडलेच.

"आवं, उठा की!" मी माळवदावरून ओरडले. भर मैदानात, मामंजींसमोर, सून असून. सगळे फेटे वर वळले.

ह्यांना उठताच येत नव्हतं. गर्दी फाकली आणि बघते तर शाळेकडून उंच पैलवान पळत येतोय. कुणीतरी तिथं सांगितलं असणार. तो गुडघ्यावर बसला, ह्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर हात फिरवत फिरवत एका जागी अंगठा दाबला. ह्यांची किंकाळी नदीपलीकडं गेली असेल. मग हे उठून बसले.

पैलवान हसत म्हणाला, "भाऊ, तुमी कारखान्यात हाय न्हवं? संप चालू हाय म्हनं. उद्या मी येऊन तुमच्या मशिनीवर बसू का?"

ह्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मला वाटलं आता भांडण होणार. पण ह्यांना हसू आलं, आणि हसल्यानं कमरेत कळ आली, म्हणून पुन्हा ओरडले.

तो मोतीबिंदूवाला म्हातारा अजून काठी टेकून मातीतच उभा होता. तो मामंजींकडं वळला. "सुभेदार, देऊन टाका त्यांस्नी काय मागत्यात ते. ह्ये असलं बघायला मी कांदं इकलं न्हाईत."

लोक हसू लागले, आणि हसता हसताच चारी बाजूंनी "देऊन टाका, देऊन टाका" सुरू झालं. घटकाभरापूर्वी ज्यांनी पैलवानांची आयमाय काढली होती तेच आता त्यांचे वकील झाले. मामंजी मातीत आले. हात वर केला तशी शांतता झाली. ते म्हणाले, "तिकिटाचं निम्मं शाळंला, निम्मं पैलवानांस्नी. वाटणी नारळाच्या कुस्तीपासनं सुरू व्हईल. कबूल?"

उंच पैलवानानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. हलगीवाला म्हणाला, "आन् माजं?"

"तुजंबी बघतो. वाजव आदी!"

मग जे मैदान झालं ते मी काय सांगू? लहान पोरांच्या जोड्यासुद्धा विजेसारख्या लवत होत्या. पहिल्यांदाच मला कळलं की लोक कशासाठी वेडे होतात. ऊन उतरल्यावर शेवटची कुस्ती लागली. सकाळी एका घोंगडीवर बसलेले ते दोघे असे भिडले की माळवदावरच्या बायकाही उभ्या राहिल्या. उंच पैलवान पुढं पुढं रेटत होता, सगळ्यांना वाटलं हा मारणार, आणि त्या बुटक्या कोल्हापूरकरानं खाली बसून कधी पाय ओढला ते दिसलंच नाही. आमचा सांगलीचा गडी आकाशाकडं बघत पडला होता. मामंजींनी, कमिटीच्या अध्यक्षांनी, आपला फेटा हवेत उडवला. हे बाजूला खाटेवर पालथे पडले होते. त्यांना कुणीतरी निकाल सांगितला तेव्हा त्यांनी उशीत तोंड खुपसलं.

संध्याकाळी दोन्ही पैलवान आमच्याकडं जेवायला होते. हरलेल्यानं जिंकलेल्यापेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जेवण झाल्यावर त्यानं तेल कोमट करून मागितलं आणि ह्यांची कंबर चोळायला बसला. हे पालथे पडल्या पडल्या त्याला शिकवत होते, "असं ऐन दिवशी अडवायचं नाही. आधी नोटीस द्यायची. मागण्या लिहून द्यायच्या. सगळ्या तालमींच्या मिळून."

"लिवनार कोन? आमाला सही करताना घाम फुटतोय," पैलवान म्हणाला.

"मी देतो लिहून."

मामंजी सुपारी कातरत बसले होते. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, ऐकतीस न्हवं? घरातच फितुरी." पण ते रागावलेले नव्हते. जिंकले होते ना.

ह्यांचा संप पुढं महिन्याभरानं मिटला. मागितलं होतं तेवढं मिळालं नाही, पण मिळालं. शाळेची खोली अर्ध्यावर थांबली आणि पुढच्या जत्रेनंतर तिच्यावर पत्रे चढले. मी संप मिटला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ह्यांच्याबरोबर साताऱ्याला राहायला गेले. दिवाळी झाल्यावर तिथल्या मैदानावर उंच पैलवानाची कुस्ती होती. हे रजा टाकून, तिकीट काढून गेले. दिवस मावळल्यावर परत आले तेव्हा ओरडून ओरडून घसा बसला होता. मी मिठाच्या गुळण्यांसाठी पाणी तापवलं आणि विचारलं, "जिंकला का?"

हे खुणेनंच 'हो' म्हणाले. मग घसा खाकरून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "पण तिकीट फार महाग होतं गं."