वटवाघूळ आणि मॉस

जातपात न मानणाऱ्या आमच्या घरमालक सरांनी अख्ख्या जगाच्या मात्र दोनच जाती करून टाकल्या होत्या: वटवाघूळ आणि मॉस. शेगावात जन्मभर जीवशास्त्र शिकवलेलं; निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत म्हणून त्यांनी भाडेकरूला, म्हणजे मलाच, शिकवायला घेतलं. परसातल्या केळीवर सांजवेळी मध प्यायला वटवाघूळ येई, म्हणून केळफुलाला हात लावायची सोय नव्हती. माझ्या बायकोने भाजीसाठी नुसतं मागून पाहिलं, तर म्हणाले, "पाव्हण्याचं ताट आहे ते. तुमच्या पाव्हण्याचं ताट मी उचलतो काय?" आणि मोरीबाहेरच्या भिंतीवर त्यांचं लाडकं मॉस, म्हणजे मखमली शेवाळच म्हणा, पुस्तकी नाव फ्युनारिया. शेगावच्या उन्हात ते वाळून कोळसा होई. सर रोज सकाळी उठून तांब्याभर पाणी मारून त्याला जागवत. गॅसवाल्यालाही थांबवून दाखवत. "मेलं नाही बे, वाट पाहून राह्यलं. वटवाघूळ येते, पेते, निंगून जाते. हे कुठी जाईन?"

सरांची मुलगी पुण्याला नोकरीला, म्हणजे वटवाघूळ. पत्नी गेल्यापासून सर घरात एकटेच, म्हणजे मॉस. "बाबा, चला न माझ्यासंग," ती फोनवर म्हणे. "तूच ये," सर म्हणत.

दिवाळीला ती खरंच आली. तिला हिरवंगार दाखवायचं म्हणून सर आधीपासून दोन्ही वेळ पाणी मारत होते. पण पोरीला अंगणात दिसलं ते वेगळंच. बाप एकटा, घराला शेवाळ चढलेलं! सर दूध आणायला जाऊन वाटेत गप्पांत अडकले तेवढ्यात तिने ओढणी खोचून, तारेच्या ब्रशने भिंत नि खालची निसरडी फरशी घासली आणि भिंतीला दिवाळीचा चुनाही मारून टाकला. "घसरून पडले असते न बाबा!"

सर दुधाची पिशवी धरून उभे. आता पोरीचा तास घेणार, मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "छान केलं माय. घर कसं उजळलं."

सुटी संपली, ती गेली. तिला स्टेशनवर पोचवून आल्यावर सरांनी तांब्या भरला आणि त्या पांढऱ्याफटक भिंतीवर पाणी मारलं. मला राहवेना. "सर, काऊन? तिथं तर आता काहीच नाही."

"माहीत आहे मले," सर म्हणाले. "पण सकाळी कोणासाठी तरी उठा लागते न."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पुन्हा भरून आणला.