दाइ

आज शारजात आमच्या बिल्डिंगखालच्या नेपाळी दुकानदाराच्या कपाळावर दह्यात कालवलेले लाल तांदूळ होते. "आज जन्मदिन है," तो म्हणाला. त्या आंबूस वासानं मी थेट दुबईतल्या देऱ्याच्या जुन्या खोलीत जाऊन पोचलो.

मानबहादूर नेपाळी वेल्डर, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, नुकताच आमच्या खोलीत आला होता. एका शुक्रवारी सकाळी असेच तांदूळ ताटलीत घेऊन माझ्यापुढे बसला.

"दाइ, आज मेरा जन्मदिन. बड़े लोग टीका लगाते हैं. आप लगा दो."

मी भडकलो. आमच्यात दाई म्हणजे सुईण! "मी काय तुझ्या आईचं बाळंतपण केलं होतं?" असं म्हणालो, तशी सगळी मराठी पोरं खो-खो हसली. त्याला मराठी कळलं नाही, पण हसणं कळलं. तो उठला आणि आरशात बघून स्वतःच स्वतःला टिळा लावला.

संध्याकाळी कुणीतरी सांगितलं, त्यांच्यात दाइ म्हणजे थोरला भाऊ. माझी चूक मला कळली, पण माफीचा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही.

पुढं दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. तो मला 'साहेब' म्हणायचा. आणि मी म्हणू दिलं.