वाटसरूचं पान

जनगणना होणार ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आमच्या सासूबाई लसूण सोलत होत्या. सुरी खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "मेघना, जुन्या मोजणीचे कागद सरकार ठेवत असंल ना गो?"

"किती जुन्या?"

"मी चारेक वर्षांची व्हते तेव्हाच्या. डिलाईल रोडच्या गाळ्यात मोजणीवाला गेला असंल. माझ्या बापसाचं नाव लिवलं असंल. त्याच्याबरोबर कोण बाई व्हती का, तेवढंच बघायचंय मला."

मी गॅस बारीक केला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसं गुडघ्यांची नाहीतर मोतीबिंदूची चौकशी करतात. आमच्या सुभद्राबाईंना बापाची दुसरी बायको शोधायची होती.

माझं माहेर ठाकूरद्वारचं. आमच्या घरात सात पिढ्यांची वंशावळ काच लावून भिंतीवर टांगलेली, त्यामुळे पूर्वज शोधावे लागतात हेच मला लग्नानंतर कळलं. सासूबाईंकडे पूर्वजांपैकी एकच नाव होतं, धोंडू. राजापूरकडच्या एका वाडीतून तो मुंबईला गिरणीत आला. शिमग्याला आणि गणपतीला गावी जायचा. सासूबाई पाच-सहा वर्षांच्या असताना एका गणपतीला तो आला नाही. पुढच्या शिमग्यालाही नाही. ना पत्र, ना निरोप. गावाने आपला निकाल लावून टाकला की धोंड्याने मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं. तेव्हापासून सुभद्रा म्हणजे बापाने टाकलेली पोर. लग्न जमवतानाही माझ्या सासऱ्यांच्या घरच्यांनी उपकार केल्यासारखी सून करून घेतली.

त्यांची आई मात्र अखेरपर्यंत कपाळभर कुंकू लावून, हातभर हिरवा चुडा घालून राहिली. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालायची. बायका पदराआड हसायच्या. ती गेली तीही कुंकवानिशी, हिरव्या लुगड्यात. तिला ह्या एका लेकीशिवाय कोणी नाही, म्हणून नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं पान मांडतात त्या अविधवा नवमीला आमच्याच घरी दरवर्षी तिचं पान मांडतात.

बापाचं पान कधीच मांडलं नाही. "तो असंल कुठं तरी, दुसरीच्या हातचं जेवत," असं सासूबाई म्हणायच्या.

मी एकदा न राहवून म्हटलं, "आई, ते आता शंभरी कधीच ओलांडून गेले असतील हो."

"मग ती पण म्हातारी झाली असंल. बरं झालं."

हसू यायचं. पण पितृपक्षात त्यांचं जेवण कमी व्हायचं, हे मी पाहत आले होते.

तर मी त्यांना घेऊन कचेऱ्या फिरले. जनगणनेच्या ऑफिसातला माणूस सज्जन होता. त्याने खुर्ची दिली आणि सांगितलं की नावांचे कागद राहत नाहीत, आकडे राहतात. एक जाडजूड पुस्तक उघडून त्याने डिलाईल रोडचा भाग दाखवला, पुरुष इतके, बायका इतक्या. सासूबाईंनी पुरुषांच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यात हाय तो."

"असणार, आजी."

"पण कुठला, ते सांगता यायचं नाय."

"नाही ना, आजी."

मग पालिकेत मृत्यूची नोंद शोधली. धोंडू नावाने काहीच निघालं नाही. गिरणी कधीच बंद पडलेली, तिच्या जागी काचेचा टॉवर, आणि गिरणीचे कागद कुठे गेले ते तिथल्या वॉचमनला विचारण्यात अर्थ नव्हता. तरी सासूबाईंनी विचारलंच. बसस्टॉपवर माझा पारा चढला. म्हटलं, "पुरे झालं आता. सापडून तरी काय करणार आहात?"

"शिव्या कुणाला घालतंय ते तरी कळंल," त्या म्हणाल्या.

श्रावणात गाळ्याचा निरोप आला. गाळा म्हणजे त्यांच्या गावकऱ्यांची चाळीतली सामाईक खोली. एका गावचे गडी त्यात पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे, आणि ट्रंका भिंतीला रचून ठेवायचे. आता चाळ पाडणार म्हणून ग्रामदेवीच्या तसबिरीची शेवटची आरती ठेवली होती. लालबागहून मनूकाका आले होते, नव्वदी ओलांडलेले, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. तरुणपणी ते ह्याच गाळ्यात राहायचे. आरतीनंतर त्यांनी सासूबाईंकडे निरखून पाहिलं.

"धोंड्याची सुभद्रा का गो तू? नाक तेच."

सासूबाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ विचारलं, "त्याच्याबरोबर बाई व्हती का?"

"बाई?" म्हातारा खुळ्यासारखा बघत राहिला. "अगो, त्याला पाय लांब करून झोपायला जागा नव्हती. बाई कुठं ठेवणार?"

मग त्यांनी सांगितलं. धोंडूला गिरणीत नावावर काम कधी मिळालंच नाही. त्याचा चुलतभाऊ रामजी, लग्न न झालेला, गैरहजर गड्यांच्या जागी लागणारा बदली कामगार होता. तो बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि जाताना आपला गिरणीचा पास धोंडूला देऊन गेला. त्या काळी असं सर्रास चालायचं. पास परक्याच्या हाती जाण्यापेक्षा घरात राहिलेला बरा. गिरणीत हजेरीला रामजीचं नाव पुकारायचे आणि धोंडू हात वर करायचा. पावसाळ्यात त्याला विषमज्वर झाला. इस्पितळात नाव लागलं ते पासावरचं.

"माझ्या मांडीवर गेला," मनूकाका म्हणाले. "मीच पाणी पाजलं. रामजी म्हणून जाळला त्याला. खरं सांगितलं असतं तर सगळ्या गाळ्याचे पास गेले असते. गावाला तार गेली रामजीची. रामजी बोटीवरनं काय परत आला नाय."

सासूबाई भिंतीला टेकल्या. "म्हणजे गाव रामजीसाठी रडला. आणि माझ्या आयेला कोणी सांगितलंच नाय?"

मनूकाका खाली बघत राहिले. नात म्हणाली, "आजोबा, सांगा ना." तेव्हा ते बोलले.

"सांगितलं. मीच गेलो व्हतो त्याची घोंगडी घेऊन. तिनं मला मागल्या पडवीत नेलं. रडली नाय. म्हणाली, गिरणीच्या कागदावर रामजी मेलाय ना? मग माझा घोव जिता हाय. माझं कुंकू पुसायला आलास तर ह्या घरची पायरी चढू नको. पोरीच्या लग्नात मला मागं बसायचं नाय. आणि देवीच्या पायावर हात ठेवायला लावला मला. सगळ्या गाळ्यानं तिचा शब्द पाळला, सुभद्रा."

मला त्या न पाहिलेल्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू! दरवर्षी जिच्या पानावर मी खीर वाढत होते, तिने आपलं कुंकू राखायला पोरीचा बाप पोरीपासून लपवला. आणि त्याच वेळी मला तिची दयाही आली. त्या काळच्या वाडीत पांढऱ्या कपाळाच्या बाईला कसं वागवत, ते मी ऐकून आहे.

सासूबाई घरी येताना चाळीच्या जिन्यातच बसल्या आणि रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. "मी त्याला नको नको ते बोलले गो. चुलीपाशी बसून बोलायचे. आये भाकरी थापत ऐकायची. एकदा तरी म्हणायचं, गप बस, तो तसा नव्हता. एकदा तरी." मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

राजेशने, माझ्या नवऱ्याने, उत्साहाने ठरवलं की आता रामजीच्या नावाने नोंद काढायची आणि प्रतिज्ञापत्र करून नाव दुरुस्त करून घ्यायचं. सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आये दरसाल पावसाळ्यात एक दिवस उपाशी ऱ्हायची. मागल्या पडवीत केळीच्या पानावर भात-भाजी वाढून ठेवायची. मी विचारायचे, कुणाला गो? ती म्हणायची, वाटसरूला. घराकडे यायला निघाला आणि वाटेत ऱ्हायला बिचारा." आणि त्यांनी राजेशला सांगितलं, "कागद काढू नको."

अविधवा नवमी आली. मी सकाळी चाचरतच विचारलं, "आई, आजीचं पान आजच मांडायचं ना?" ती अविधवा नव्हती, हे आता आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"आजच. हिरव्या बांगड्या आणल्यास ना?"

त्यांनी स्वतः वडे तळले, काळ्या वाटाण्याचं सांबार केलं. आईच्या पानाशी बांगड्या आणि कुंकवाचा करंडा ठेवला. मग शेजारी दुसरं पान मांडलं आणि मीठ वाढलं.

राजेश हातात पाणी घेऊन थांबला. "आई, ह्याला नाव कुणाचं घेऊ?"

"नाव घेऊ नको. नाव घेतलं की ती विधवा झाली. तिनं जपलं ते मी कशाला पुसू? वाटसरू म्हण."

राजेशने तसंच म्हणून पाणी सोडलं. सासूबाई कशाबशा वाकल्या, त्या दुसऱ्या पानावरच्या भातावर तुपाची धार धरली. एवढ्या वर्षांत बापाला एकदाही बाबा न म्हणालेल्या त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, जेव. लय उशीर झाला तुला वाढायला."