अंगावरच वाळतं

ओल्या सुती कापडाचा वास आला की पळसदरीतल्या मित्राची पडवी आठवते. तो पहिल्यांदाच हिमालयात निघाला होता आणि मी त्याची सॅक भरत होतो. लोकरीचे आतले कपडे मीच बाहेर काढले. म्हणालो, "उगाच वजन. सुती घे, भिजलं तरी अंगावरच वाळतं रं." आमच्या डोंगरांत आम्ही जन्मभर तसेच तर वाळलो होतो. तो हसला, "आपल्याला काय नवं हाय?" तिकडे वर डोंगरात तो पावसात भिजला, मागोमाग बर्फ पडला, कपडे वाळलेच नाहीत आणि तो गारठून गेला. तेराव्याला त्याच्या आईने ती लोकरीची जोडी माझ्या हातात ठेवली. "न्यायची इसरला बघ. तू घाल." जोडी कपाटात तशीच घडी घातलेली आहे. तो विसरला नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.